धनुर्धराचा नकार

६ फेब्रुवारी

आज शिंग धनुर्धराच्या कपाळातून आरपार गेलं आणि अख्खं ऑफिस हसत सुटलं. मी सोडून.

प्रसंग माझा होता. निम्मं आयुष्य मालिकांमधल्या सासवांना बोलतं करण्यात घालवलं, आणि आता दोनेक वर्षं या कंपनीत खेळांचे संवाद लिहितेय. इथे मजा वेगळी आहे. खेळणारा आधी स्वतःचं पात्र बनवतो, त्याचा वंश निवडतो: माणूस, वनवंशी, बुटका किंवा शिंगाळ. शिंगाळ म्हणजे डोक्यावर वळलेली शिंगं असलेले, खाणीत दगड फोडणारे, घोगऱ्या आवाजाचे लोक. मग प्रवासात साथीदार भेटतात. त्यांच्याशी बोलता बोलता कुणाशी मैत्री होते, कुणाशी वाजतं आणि कुणावर जीव जडतो. या साथीदारांमधला वनवंशी धनुर्धर माझा सगळ्यात लाडका. कमी बोलणारा, लाजरा, बाण नेमका मारणारा आणि शब्द मात्र चुकवणारा. त्याच्या प्रेमाचा शेवट मी नदीकाठच्या मिठीवर केलाय. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं.

आज ती मिठी पहिल्यांदा पडद्यावर हलताना पाहिली. माणसाची मुलगी होती तेव्हा सुरेख. बुटकी आली तेव्हा तो गुडघ्यावर बसला, तेही गोड. मग शिंगाळ मुलीनं मान वर केली आणि तिचं शिंग त्याच्या कपाळातून घुसून मागे बाहेर आलं. तो आपला तसाच प्रेमानं बघतोय.

"मॉडेलं एकमेकांत घुसतायत ताई," दाढीवाला म्हणाला. पात्रांना चालवण्याहलवण्याचं काम त्याचं. "शिंगाळांसाठी सगळी मिठी वेगळी करावी लागेल. वेळ कुठाय?"

मी म्हटलं, काढ वेळ. त्यानं दाढी खाजवली.

९ फेब्रुवारी

अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

सकाळी म्होरक्यानं सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. म्होरक्या म्हणजे आमचा दिग्दर्शक. माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान असेल, पण बोलताना बोटं अशी जुळवतो की जणू प्रवचनालाच बसलाय. म्हणाला, शिंगाळ पात्र घेतलं तर धनुर्धराशी प्रेम होणार नाही. विषय संपला.

"शिंगं अडकतात म्हणून?" मी विचारलं.

"तेवढ्यासाठी नाही ताई. विचार करा ना. वनवंशी लोक शिंगाळांच्यात सोयरीक करतील का? त्यांच्या लोकांना चालणारच नाही. तसंच लिहू. उलट खरं वाटेल."

"परवापर्यंत त्यांच्या लोकांना चालत होतं. परवा शिंग घुसलं, आणि काल रात्रीत त्यांच्यात रीत तयार झाली?"

दोघं-तिघं हसले. म्होरक्या नाही हसला. म्हणाला, खेळणाऱ्यांनाही ते आवडणार नाही. मी विचारलं, कुणाला विचारलंस? एकाला तरी विचारलंस? तर म्हणे, विचारावं लागत नाही, अंदाज असतो. आणि शिंगाळांसाठी पुढे एखादा शिंगाळ साथीदार ठेवू. त्यांचं त्यांना.

त्यांचं त्यांना! मी उठून उभीच राहिले. म्हटलं, अरे, कुणीतरी पोरगी हौसेनं शिंगाळ होऊन खेळेल, त्या धनुर्धराबरोबर अख्खं जग फिरेल, त्याच्यासाठी चार वेळा मरेल, आणि शेवटी तिला सांगायचं की बाई, तुझ्या डोक्यावर शिंगं आहेत? हे सांगायला आपण खेळ करतो? बाहेर जगात हेच चालतं, निदान इथे तरी नको!

दाढीवाल्यानं टेबलाखालून अंगठा दाखवला. त्याचा काय उपयोग? निर्णय बदलला नाही.

घरी आल्यावर हे सगळं ठमीला सांगितलं. ठमी माझी लेक. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून ठमी. आता पोहायला शिकवते आणि तिच्या अंगावर चिमटीत धरायलासुद्धा चरबी नाही. तिनं हातातलं ठेवून सगळं ऐकलं. म्हणाली, "आई, मला तुझा फार अभिमान वाटतो." आणि मग उगाचच माझ्या गळ्यात पडली. बऱ्याच दिवसांनी.

११ फेब्रुवारी

अभिमान का वाटत होता ते आज कळलं. मुलगा आहे म्हणे एक. तलावामागच्या जागेची मोजणी करायला आला होता, तिथे ओळख झाली. दीड वर्ष झालं. दीड वर्ष माझ्या शेजारी बसून जेवतेय आणि मला पत्ता नाही.

नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. मी म्हटलं, अच्छा.

"अच्छा म्हणजे?"

"अच्छा म्हणजे अच्छा. घेऊन ये एकदा घरी."

१६ फेब्रुवारी

मोजणीवाला येऊन गेला. मी अतिशय नीट वागले. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मुलगा चांगला आहे, नाही म्हणायचं कारण नाही. बुटांना चिखल होता तर दारातच जुना कागद मागून त्यावर ठेवले. चहा त्याला पाहुण्यांच्या काचेच्या पेल्यात दिला, कारण आमचे रोजचे मग टवके उडालेले आहेत. तर ठमीनं काय करावं? उठली, स्वतःचा मग त्याच्यापुढे ठेवला आणि पेला आपण घेतला. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. इतकी उतावीळ बरी नव्हे, पहिल्याच भेटीत. तो बिचारा अवघडला.

मी आपलं सहज विचारलं, घरी कोण कोण असतं. म्हणाला, आई, दोन बहिणी, एक काका. आणि शेजारीपाजारी, ते पण बहुतेक वेळ आमच्याकडेच असतात.

"तुमच्यात लग्नं लवकर होतात ना?"

"आमच्यात म्हणजे?"

"म्हणजे तुमच्याकडे."

"माहीत नाही काकू," तो हसून म्हणाला. "माझं तर अजून झालं नाही."

ठमी हसली. मीही हसले. त्याचे काही शब्द वेगळे येतात. 'ण'ला जरा घसरतो. तसं ते ध्यानात येण्यासारखं नाही, पण मी शब्दांचंच काम करते, माझ्या कानाला टोचतं.

निघताना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, तुमच्या खेळाबद्दल ठमीनं सांगितलं, तुम्ही भांडलात ते फार बरं केलंत. मला एकदम बरं वाटलं. समज आहे मुलाला.

१७ फेब्रुवारी

ठमीशी बोलले. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं आणि शेवटपर्यंत शांतच बोलले. आवाज तिनं चढवला.

मी तिला म्हटलं, बाळा, माझ्या मनात काही असतं तर सोपं होतं. मी सरळ नको म्हणाले असते. त्याच्यात खोट काढायला जागाच नाही. पण आपण काही एकटे नसतो गं. आपल्यामागे माणसं असतात. तुझे बाबा गेले तेव्हा दादा उभा राहिला. माझा भाऊ नसता तर आपण दोघी कुठे असतो? त्याच्याकडे पाठ फिरवून मला तुझ्या लग्नात मिरवता येणार नाही.

"मामा नको म्हणाला?"

"दादाला काय वाटेल हे मला विचारावं लागत नाही. मी ओळखते त्याला."

"म्हणजे तू नको म्हणतेयस."

"मी कुठे नको म्हणाले? मी फक्त सांगतेय की अजून थोडा विचार कर. त्याची फिरतीची नोकरी, त्यांच्या घरचं सगळं वेगळं, उद्या पोरं झाली की त्यांनी कुणासारखं व्हायचं…"

ती उठून तिच्या खोलीच्या दाराशी गेली. मग म्हणाली, "आई, तू परवा त्या काचेच्या खोलीत काय बोललीस ते आठवतंय तुला?"

मी म्हटलं, ऑफिसचा विषय इथे कुठे आणतेस? तो तत्त्वाचा प्रश्न आहे.

तिनं दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२० फेब्रुवारी

म्होरक्यानं बोलावून सांगितलं, धनुर्धराच्या नकाराचा प्रसंग तुम्हीच लिहा. मी म्हटलं, मेले तरी लिहिणार नाही. म्हणाला, ठीक आहे, नव्या मुलाला देतो.

नव्या मुलाला! तो 'तू खूप छान आहेस पण' इथून सुरू करेल आणि धनुर्धराचं पार भजं करून टाकेल. ज्याला मी दोन वर्षं वाढवलं, तो असा पोरकटासारखा नकार देणार?

तास-दोन तास जागेवर नुसती बसून होते. मग म्हटलं, निदान माझ्या हातून झालं तर त्या पोरीचा अपमान तरी होणार नाही. द्या इकडे.

दाढीवाला माझ्याकडे बघून काही बोलला नाही. त्यानं बोलायला हवं होतं. काहीही.

२३ फेब्रुवारी

लिहून झालं. भीती होती की शब्द फुटणार नाहीत, हात चालणार नाही. पण एका बैठकीत सगळं उतरलं. इतकं सहज गेल्या कित्येक वर्षांत लिहिलं नव्हतं. कुठून आलं कोण जाणे.

धनुर्धर तिला नदीकाठी घेऊन जातो आणि म्हणतो, "तुझ्यात खोट असती तर सोपं होतं. मी सरळ सांगितलं असतं. पण मी एकटा नाही. माझ्यामागे अख्खं रान उभं आहे. मी पडलो तेव्हा त्यानं मला उचललंय. त्याच्याकडे पाठ करून मला तुझ्याकडे तोंड करता येत नाही."

यावर खेळणाऱ्याला तीन उत्तरं दिली आहेत. 'मी वाट बघेन.' 'हे तुझं म्हणणं की रानाचं?' आणि तिसरं म्हणजे न बोलता निघून जाणं. दुसरं निवडलं की धनुर्धर म्हणतो, "रानाला विचारावं लागत नाही. मी ओळखतो त्याला."

म्होरक्यानं वाचलं आणि बोटं जुळवायची विसरला. "ताई, हे जबरदस्त आहे. यात तो वाईट वाटतच नाही. राग येत नाही त्याचा."

तेच तर साधायचं होतं. दुपारचं जेवण तसंच परत आणलं.

२ मार्च

काही नाही. ठमी उशिरा येते, लवकर जाते. विचारलं तर 'जेवले' म्हणते. ऑफिसात बसून बुटक्यांच्या बाजारातले फुटकळ संवाद लिहिले. 'या, या, ताज्या कुदळी!' हे आठ प्रकारे. कशातच लक्ष लागत नाही आणि ते कामामुळेच. दुसरं काय असणार? ज्या गोष्टीच्या विरुद्ध उभी राहिले तीच आता माझ्या सहीनं जगात जाणार. अशानं माणूस आतून विझत जातो.

१४ मार्च

आज ऑफिसात घरच्या माणसांना बोलावलं होतं. खेळ बाहेर जाण्याआधी आपल्या माणसांनी खेळून बघायचा, असा इथला प्रकार आहे. ठमी येणार नाही असंच धरून चालले होते. पण आली. म्हणाली, शब्द दिला होता ना तुला. मला भरून आलं.

तिनं शिंगाळ मुलगी घेतली. मी म्हटलं, अगं, माणूस घे, जास्त बघायला मिळेल. नको म्हणाली. पात्र मात्र मन लावून बनवलं. शिंगं लांब ठेवली, एकाचं टोक मोडकं केलं. पोहणाऱ्यांसारखे रुंद खांदे दिले. दाढीवाल्यानं तिला खेळाच्या मधल्या टप्प्यावर नेऊन सोडलं, म्हणजे धनुर्धराशी ओळख वाढलेली असते तिथे. ती खेळत होती, मी मागे उभी. लढाईत तो पडला तर ही धावत जाऊन त्याला ओढून आणायची. त्याच्या विनोदांना हसायची. मला वाटलं, चला, किती दिवसांनी आमचं काहीतरी एकत्र चाललंय.

मग नदीकाठ आला.

तिच्या कानाला हेडफोन असल्यानं मला ऐकू येत नव्हतं, पण अक्षरं दिसत होती आणि ती मला पाठच आहेत. ठमीचे खांदे एकदम वर गेले. तिनं हेडफोन काढून हातात धरला.

"हे तू लिहिलंस?"

"हो. कसं वाटलं?"

"ओळखीचं," ती म्हणाली.

लेखकाला याहून मोठी पावती मिळत नाही. मी तिला तसं म्हटलंसुद्धा. ती पडद्याकडेच बघत होती. मग तिनं दुसरं उत्तर दाबलं, धनुर्धराचं वाक्य आलं, आणि ती म्हणाली, "म्हणजे त्यानं रानाला विचारलंच नाही."

"विचारायला कशाला हवं? त्याला माहीत आहे."

"मग मीच जाऊन विचारते."

"खेळात तशी सोय नाही गं," मी म्हटलं.

ती हसली. तसलं हसणं मी तिच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. पडद्यावर तिसरं उत्तर अजून शिल्लक होतं. तिनं ते दाबलं आणि तिची शिंगाळ मुलगी पाठ फिरवून चालायला लागली. रस्ता संपला, झाडी संपली, जिथून पुढे आम्ही काही बनवलेलंच नाही तिथपर्यंत ती चालत गेली. तिथे पडदा नुसताच राखाडी असतो. दाढीवाला धावत आला आणि म्हणाला, इथून परत यायला वाट नाही, बंद करूनच टाकू.

१५ मार्च

ठमी मैत्रिणीकडे राहायला गेली. थोडे दिवस, म्हणाली. कपडे मात्र सगळे नेले. पोहण्याचे पोशाखही, गॅलरीत वाळत घातलेले होते ते ओलेच पिशवीत भरले. मी म्हटलं, वाळू दे तरी. म्हणाली, वाळतील तिकडे.

मी दाराशी उभी राहिले. ती जिन्यावर वळली आणि म्हणाली, "आई, तुझा तो धनुर्धर ना, तो सगळ्यात जास्त कुणाला फसवतो माहितेय?"

"कुणाला?"

"जाऊ दे. गोळ्या वेळेवर घे."

दिवसभर विचार करतेय. धनुर्धर कुणालाच फसवत नाही. तो प्रामाणिक आहे, तीच तर त्याची शोकांतिका.

२२ मार्च

आज कित्येक दिवसांनी जीव जरा थाऱ्यावर आला.

दाढीवाल्यानं मला हळूच बोलावलं. "ताई, बघा." पडद्यावर शिंगाळ मुलगी आणि धनुर्धर. ती मान वर करत नाही, खाली झुकवते. तो हात वर नेतो, शिंगाच्या वळणावर तळवा ठेवतो, आणि मग कपाळ तिच्या कपाळाला टेकवतो. काही घुसत नाही, काही अडत नाही. बाकीच्या मिठ्या आता हिच्यापुढे कागदी वाटतात.

"घरी बसून केलं," तो म्हणाला. "तेवढं काही अवघड नव्हतं. मीच आळस केला. तुम्ही तेव्हा इतकं भांडलात, मग मला झोप लागेना."

मी त्या दाढीवाल्याची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली. म्हणजे आता अडचणच उरली नाही! दोन-तीन दिवसांत म्होरक्याला दाखवायचं. ठमीला फोन करून सांगावंसं वाटलं. केला. उचलला नाही.

२५ मार्च

म्होरक्यानं मिठी दोनदा बघितली. खरंच छान आहे, म्हणाला. मग खुर्ची मागे रेलली.

"पण आता नको ताई."

"का? शिंगं अडत होती, आता अडत नाहीत."

"शिंगांचा प्रश्न नव्हताच."

"तूच म्हणालास…"

"तेव्हा तसं वाटलं होतं. पण तुमचा नकाराचा प्रसंग वाचून मला पटलं की हे असंच असायला हवं. ज्यांनी ज्यांनी खेळून पाहिलं ते सगळे त्याच प्रसंगाबद्दल बोलतायत. रानाला पाठ दाखवता येत नाही, हे इतकं खरं आहे ना ताई! तुम्हीच तर पटवून दिलंत. आता ते काढून तिथे मिठी टाकायची? का म्हणून?"

निम्मं आयुष्य दुसऱ्यांना उत्तरं पुरवली, आणि आज माझ्या तोंडात एक शब्द नव्हता. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर फाडून काढलं असतं. पण माझाच माणूस माझ्याच शब्दांत बोलत होता आणि सगळ्यांना तो पटत होता.

दाढीवाल्यानं ती मिठी काढून टाकली. माझ्यासमोरच. म्हणाला, ठेवून काय करायचं, जीव जळतो.

२९ मार्च

राजीनामा लिहिला. पाठवला नाही. शिंगाळांचा तो 'त्यांचं त्यांना' साथीदार लिहायचं काम माझ्याकडेच आलंय. दोन वाक्यं लिहिली आणि खोडली. तो काय बोलेल तेच कळत नाही. शिंगाळ घरी आपसांत काय बोलतात, कशावर हसतात, याचा मी दोन वर्षांत एकदाही विचार केला नव्हता, असं आज लक्षात आलं. त्यांना मी नेहमी दारात उभं असलेलंच लिहिलं.

घरात इतकी शांतता आहे की फ्रीजचा आवाज नको होतो.

६ एप्रिल

सकाळी दादाचा फोन. आवाज खणखणीत.

"काय गं, ताप उतरला का?"

"कसला ताप?"

"कसला म्हणजे? ठमी म्हणाली, आईला सणसणून ताप आहे, उठवत नाही. म्हटलं, पोरीच्या लग्नालाच नेमकी आजारी पडायची होतीस का!"

मी पलंगावर बसले.

लग्न झालं. शुक्रवारी, नोंदणी करून. दादा साक्षीदार. सही करताना पेन चालेना तर जावयानं खिशातली पेन्सिल पुढे केली आणि साहेब ओरडला, पेन्सिलनं लग्न लावता काय? हे सांगून दादा खो खो हसला. वहिनीनं मोजणीवाल्याच्या आईशी बसल्या जागी मैत्री केली म्हणे.

"दादा," मी म्हटलं, "तुला चालतं?"

"न चालायला काय झालं? पोरगा सोन्यासारखा आहे. ठमी गेल्या महिन्यात आली, सरळ विचारलंन, मामा, तुला चालेल का? मी म्हटलं, तुझ्या आईला चालतंय ना, मग मला कशाला विचारतेस? तर रडायलाच लागली वेडी. आनंदानं असेल." मग म्हणाला, "तू का गं सांगितलं नाहीस मला एवढे दिवस?"

"ताप होता," मी म्हटलं.

दादानं असं परस्पर करायला नको होतं. निदान मला एकदा विचारायचं. आता दादाचं नाव घेण्यातही अर्थ नाही. मग उरलं काय? दिवसभर शोधतेय. त्याची फिरतीची नोकरी आहे, हे आहेच. त्याचं बोलणं. पण त्या दिवशी तो निघेपर्यंत ते कानाला टोचेनासं झालं होतं, हेही खरं. काहीतरी होतं. एवढी मोठी गोष्ट माणूस उगाच करत नाही.

दुपारी अंग खरंच तापलंय असं वाटलं म्हणून थर्मामीटर लावला. ताप नव्हता.

७ एप्रिल

रजा टाकली. वहिनीकडून नंबर घेतला, मोजणीवाल्याच्या घरचा. सकाळभर तो समोर ठेवून बसले. काय बोलायचं ते ठरवत होते. अभिनंदन म्हणावं तर उशीर झालेला. रागवावं तर दादानं तेही हातात ठेवलं नाही. 'कशी आहेस' एवढंच म्हणायचं, असं ठरवलं आणि फोन लावला.

त्यानं उचलला. मी माझं नाव सांगायच्या आधीच त्यानं आवाज ओळखला.

"आई? तुम्ही बऱ्या आहात ना?"

आई म्हणाला. मी म्हटलं, "ठमी आहे का?"

"आहे ना, इथेच आहे. थांबा हं, देतो."

त्यानं फोन कुठेतरी ठेवला, बंद न करता. पलीकडचं घर माझ्या कानात शिरलं. भांडी, नळ, कुणीतरी म्हातारं माणूस चष्मा शोधत सगळ्यांना विचारत होतं, कुणीतरी ओरडून सांगत होतं की तुमच्या डोक्यावरच आहे. आणि मग हसणं. सगळ्यांच्या वर एक आवाज. मला क्षणभर ओळखच पटली नाही. ठमी हसत होती. तोंड उघडून, अगदी मोकळं, मध्येच धाप लागल्यासारखी थांबून पुन्हा. माझ्याकडे पंचवीस वर्षं होती ती. असं हसलेली मला आठवत नाही.

मग तो तिला काहीतरी म्हणाला. शब्द कळले नाहीत. हसणं थांबलं.

नळही कुणीतरी बंद केला. मी फोन कानाला घट्ट धरून बसले होते. मग पावलं ऐकू आली, फोनकडे येणारी. तिची की त्याची, कळलं नाही. ती पोचायच्या आत मी फोन ठेवून दिला.